भागधारकांची सायकल

मुंबईत टाकून दिलेली वस्तू संपत नाही, ती मानखुर्दला येते. पेडर रोडवरच्या फ्लॅटमधला फ्रीज, फोर्टातल्या बंद पडलेल्या कचेरीतली फिरती खुर्ची, दादरच्या कुठल्याशा आजींच्या शिवणयंत्राचा पायटा, सगळ्यांचा मुक्काम शेवटी इथेच. एका अंगाला 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेत आलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड, दुसऱ्या अंगाला मंडाळ्याची भंगाराची गोदामं, आणि मधोमध आम्ही रहिवासी. 1992 साली लोकल खाडी ओलांडून वाशीला गेली, तोपर्यंत हार्बर लाईनचं शेवटचं स्टेशन आमचंच होतं. आता गाड्या थेट पनवेलपर्यंत जातात, पण वस्तूंना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. त्या अजून मानखुर्दलाच उतरतात.

अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला नवीन वस्तू घ्यायची चोरी होते. "दुकानातून आणलीस?" हा प्रश्न आमच्याकडे ज्या सुरात विचारतात, त्या सुरात इतर ठिकाणी "कुठून उचललीस?" असं विचारत असावेत. तयार मिक्सर आणणारा माणूस आमच्या गल्लीत आळशी ठरतो. मोटर एकीकडची, भांडं दुसरीकडचं आणि झाकण नशिबात असेल तेव्हा, असा मिक्सर ज्याच्या घरी असतो त्याला चारचौघांत मान असतो. त्याची चटणी भरड होते, पण तिच्यामागे कर्तृत्व असतं.

तेव्हा माझ्या एका मित्राने आपल्याला सायकल हवी असं जाहीर केलं, त्यात दुकानाचा विषय निघालाच नाही. हा मित्र लल्लूभाई कंपाउंडात राहतो. तिथून स्टेशनला येताना शेअर रिक्षात त्याच्या वाट्याला कायम चौथी सीट येते, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी मांडी आत आणि उरलेला मनुष्य बाहेर. पावसाळ्यात भिजलेला त्याचा डावा खांदा दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

"नवी नको," तो म्हणाला. "नवी चोरीला जाते."

"मग जुनी घे."

"जुनीपण जाते. नक्की कुठली आहे हेच चोराला कळणार नाही, अशी पाहिजे. तू जोडून दे."

मीच का, तर माझ्याकडे पान्यांचा सेट आहे. ज्याच्याकडे शिडी तो इलेक्ट्रिशियन, ज्याच्याकडे थर्मामीटर तो डॉक्टर आणि ज्याच्याकडे पाने तो इंजिनियर, ही पदवीदानाची पद्धत आमच्या गल्लीत पूर्वापार आहे. माझ्या सेटमधला जो पाना हरवलाय तोच सायकलीला सगळ्यात जास्त लागतो, पण एकदा दिलेली पदवी परत घ्यायची पद्धत नाही.

मंडाळ्याच्या गोदामात जाऊन सायकल मागायची नसते. 'सायकल' म्हटलं की सायकलीचा भाव लागतो, 'लोखंड' म्हटलं की लोखंडाचा. म्हणून आम्ही शेठकडे लोखंड मागितलं.

"कुठलं लोखंड?"

"असंच. एक त्रिकोण पाहिजे. आणि त्याला मागून जोडलेला अजून एक त्रिकोण."

शेठने चष्मा कपाळावर चढवला. "आणि पुढे चिमटा नको काय?" त्याने विचारलं, आणि आम्हाला गोदामाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे तेलाच्या रिकाम्या ड्रमांमागे सायकलींचे सांगाडे एकमेकांत अडकून उभे होते. त्यातली एक फ्रेम आम्ही काढली. ती काट्यावर चढली तेव्हा शेठचा पाय नकळत काट्यावर आला. आम्ही ते पाहिलं, आम्ही पाहिलं हे त्याने पाहिलं, आणि भरपाई म्हणून त्याने एक चेनकव्हर फुकट दिलं. पुढची सगळी भानगड या पहिल्या फुकटापासून सुरू झाली.

फ्रेम 22 इंची, जुन्या चालीची, नळ्यांच्या जोडांवर लोखंडी कोपरी बसवलेली. वरचा रंग हिरवा. नखाने खरवडला की खाली काळा, त्याच्या खाली लाल. पुढच्या नळीवर कंपनीचा पितळी बिल्ला असतो तो कधीच गेलेला; रिबिटांची दोन भोकं तेवढी शिल्लक. हे लेकरू कुठल्या घराण्यातलं, याचा निवाडा करायला आम्ही ते चाचांकडे नेलं. चाचांचं दुकान म्हणजे फुटपाथवरची एक पत्र्याची पेटी, पंक्चर बघायला पाण्याची घमेली आणि पाटीच्या जागी झाडाला टांगलेला एक टायर. मानखुर्दच्या अर्ध्या सायकली या झाडाखालून गेलेल्या आहेत.

"हिंद आहे ही," मित्राचे मामा म्हणाले. मामा वरळीच्या गिरणीत होते आणि हिंद सायकल्सचा कारखानाही वरळीलाच होता, त्यामुळे दिसेल ती जुनी सायकल त्यांना शेजारची वाटते. 1980 साली सरकारने एकाच कायद्याने हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले अशा दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या, हे ते काल झाल्यासारखं सांगतात.

"म्हणजे सरकारी सायकल," मित्र म्हणाला. "तरीच जागची हलत नाही."

चाचांचं मत अ‍ॅटलास. सोनीपतला 1951 साली सुरू झालेल्या त्या कंपनीच्या सायकलीवर ते स्वतः शिकले. तिचा शेवटचा चालू कारखाना, साहिबाबादचा, 2020 च्या 3 जूनला बंद पडला. नेमका तोच दिवस जागतिक सायकल दिन. ही हकीकत सांगताना चाचा हातातलं काम खाली ठेवतात, आणि कुणी हसलं तर त्याचं पंक्चर सगळ्यात शेवटी काढतात.

पाववाल्याने पुढे न वाकताच "हिरो" म्हणून सांगितलं. लुधियानाची हिरो 1956 पासून इतक्या सायकली काढतेय, 1986 मध्ये तर सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून तिचं नाव गिनेसच्या बुकात गेलं, की डोळे मिटून हिरो म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबरच येतं. याला अंदाज म्हणत नाहीत, गणित म्हणतात.

शेवटी त्या दोन भोकांत ज्याने त्याने आपापली पहिली सायकल पाहून घेतली आणि सभा चहावर बरखास्त झाली. चहाचे पैसे मित्राने दिले. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलंय; तिथल्या सायकलींना घराणं आहे, गाव आहे. आमच्या सायकलीची पाटी लिहायची वेळ आली असती, तर ती सायकलीपेक्षा लांब झाली असती.

खरी परीक्षा चाकांची. मागचा हब मिळाला तो 40 भोकांचा, अगदी टकाटक. रिम मिळाली तीही टकाटक, पण 36 भोकांची. मागच्या चाकात 40 तारा आणि पुढच्यात 32, ही इंग्रजांची रीत. माणसाचा आणि कॅरिअरवरच्या गोणीचा भार मागे येतो म्हणून मागे जास्त. आपल्या काळ्या देशी सायकलींनी ती रीत इमानाने पाळली. बाकीचं जग पुढे 36, मागे 36 करून मोकळं झालं. बेरीज दोन्हीकडे 72 च, पण बेरजेने चाक फिरत नाही. आपल्याकडे पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जमले तरी मांडव घालतात. इथे 36 पैकी 36 जमत होते, वर चार भोकं कोरी राहत होती, आणि तेवढ्यावरून सोयरीक मोडली.

मग आम्ही रीतसर स्थळं पाहायला लागलो. गोवंडी, शिवाजीनगर, चिता कॅम्प, कुठे कुणाकडे 40 ची रिम पडून आहे अशी कुणकुण लागली की मी आणि मित्र जाऊन बघून यायचो. चहा व्हायचा. रिम बाहेर आणली जायची. चाचांनी सांगून ठेवलं होतं की आधी डोळ्यासमोर आडवी धरून फिरवायची, आऊट, म्हणजे वाकडेपणा, दिसतो. यजमान म्हणायचे, "तसा किरकोळ आहे, बांधताना निघून जाईल." प्रत्येक घरच्यांचं आपल्या रिमबद्दल हेच म्हणणं असतं.

टायरची तऱ्हा तर आणखी पुढची. मित्र एके दिवशी एक टायर आणि एक रिम खांद्याला अडकवून विजयी मुद्रेने आला. दोन्हीवर 26 लिहिलेलं. बसवायला गेलो तर टायर रिमला दोरीवरच्या उड्या मारायला लावेल इतका ऐसपैस. कारण 26 बाय 1⅜ च्या टायरची रिमवर बसणारी कडा 590 मिलिमीटर व्यासाची असते आणि हल्लीच्या जाड टायरच्या 26 ची 559. आडनाव एक, पण गोत्र 31 मिलिमीटरने वेगळं. 28 म्हणवणाऱ्यांतही 622 वाले आणि 635 वाले असे दोन तट आहेत, आणि आमच्या फ्रेमला 635 चे 28 लागत होते. म्हणजे मित्राने आणलेलं काहीही आपल्या उपयोगाचं नाही, ही गोष्ट मी त्याला चहा पिऊन झाल्यावर सांगितली.

अखेर 40 ची रिम सापडली. चाचांनी चाक बांधायला घेतलं. प्रत्येक तार आपल्या वाटेतल्या तारांना ओलांडून जाते, शेवटच्या तारेला खालून घासते आणि मग रिमला भिडते. चाचांच्या बोटांना हे पाठ आहे. तोंडाने ते शेजारच्या केळीवाल्याशी भांडत होते. सगळ्या तारा चढल्यावर त्यांनी चाक फ्रेममध्ये उलटं लावलं, अंगठ्याचं नख रिमपासून केसभर लांब धरलं आणि चाक सोडलं. नख घासल्याचा आवाज जिथे येईल तिथल्या तारेला चावीने पाव फेरा. इकडे पाव, समोर अर्धा. हळूहळू आवाज यायचा थांबला. केळीवालाही थांबून बघत होता. तेवढ्यात चाचांनी त्याला उरलेलं वाक्य ऐकवलं.

सायकलीत सगळ्यात कावेबाज वस्तू म्हणजे आटे. जगात सगळं उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं, या श्रद्धेवर माणूस जगतो. सायकलीचं डावं पायडल ती श्रद्धा मोडतं. सरळ आटे ठेवले तर डावं पायडल चालवता चालवता आपोआप सुटत जातं, म्हणून त्याचे आटे उलटे. खाली बीबीच्या, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधल्या आसाच्या, उजव्या वाटीचेही उलटे. गल्लीत एक व्यायामपटू आहे. वीस मिनिटं न निघणारं डावं पायडल बघून तो पुढे सरसावला, "सरका" म्हणाला, आणि जुनं पायडल काढण्याऐवजी त्याने ते असं काही आवळलं की क्रँकच बदलावा लागला. अमेरिकेतल्या राईट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचा. 1900 साली त्यांनी न सुटणाऱ्या पायडलांची जाहिरात केली होती आणि 1903 मध्ये विमान उडवलं. आमच्या व्यायामपटूचंही पायडल सुटत नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडून आता गल्लीला पुढच्या अपेक्षा आहेत.

बीबीची वाटी बसेना तेव्हा घराण्याचा वाद पुन्हा उकरून निघाला. इंग्रजी सायकलींच्या बीबीला इंचात 24 आटे, एकट्या रॅलेला 26. मोठ्या घरच्या रीती वेगळ्या असतात. "बसत नाही म्हणजे रॅलेच असणार," मामा एकदम हिंदचा पक्ष सोडून म्हणाले. चाचांनी जुन्या वाटीचे आटे रॉकेलमध्ये धुतले, नखाने मोजले आणि म्हणाले, "चोबीस. रॅले-बिले कुछ नहीं, कचरा अटका था." पंधरा मिनिटांची श्रीमंती होती, ती अशी गेली.

मग गोळ्या. बीबीला दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा, मागच्या हबला नऊ-नऊ. ग्रीस लावून एकेक वाटीत चिकटवायच्या. त्यातली एक निसटली, फरशीवर टुणटुण करत गेली आणि वडापावच्या गाडीखाली नाहीशी झाली. गाडी हलवली गेली, कढईसकट. ती शोधायला आठ-दहा माणसं ओणवी झालेली पाहून येणारे-जाणारेही ओणवे झाले, एकाने तर "सोन्याची होती का?" असं विचारून घेतलं आणि मग जास्त लक्ष देऊन शोधायला लागला. शेवटी ती एका दुसरीतल्या मुलाच्या मुठीत सापडली. पोरगं व्यवहारी होतं. गोळी द्यायला तयार, पण त्या बदल्यात सायकल झाल्यावर घंटी त्याने वाजवायची. मान्य करण्याशिवाय इलाज नव्हता.

एव्हाना गल्लीभर बोभाटा झाला होता आणि फुकट पार्ट यायला लागले होते.

हँडल मामांनी दिलं. सीट मित्राच्या ऐरोलीच्या दाजींनी दिली. वजन उतरवायला त्यांनी जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल घेतली होती, तिच्यावर पुढे टॉवेल वाळत राहिले. ऐसपैस, गुबगुबीत सीट, आणि जन्मात एक इंचही प्रवास न केलेली. शेजारच्या काकूंनी नातवाच्या मोडक्या सायकलीची घंटी दिली, गुलाबी, वर बदक. पाववाल्याने जुनं कॅरिअर दिलं, ज्यावर अख्ख्या बेकरीचा सकाळचा माल राहील. गल्लीतल्या आजोबांनी ट्रंकेतून डायनॅमो काढला, सहा व्होल्ट तीन वॅटचा, टायरला घासून चालणारा. दिवा नसलेल्या सायकलवाल्याला हवालदार धरायचा आणि चाकातली हवा सोडून द्यायचा, त्या पुण्यातला.

ब्रेकने मात्र जीव खाल्ला. कुणीतरी गिअरच्या सायकलीचे केबलवाले ब्रेक आणून दिले. पण ते रिमला दोन्ही बाजूंनी चिमटतात, आणि आमच्या जुन्या रिमला चिमटायला सपाट बाजूच नाही. तिला आतून, वरच्या दिशेने दाबणारे गजाचे ब्रेकच लागतात. पुढचे गज मिळाले. मागचे कुठेच मिळेनात. एका संध्याकाळी आम्ही हताश होऊन उसाचा रस पीत असताना मित्राने वर पाहिलं. रसवाल्याने ताडपत्रीला टेकू म्हणून जे दोन गज लावले होते, ते चकाकणारे, टोकाला बाक असलेले, सायकलीचेच होते. रसवाल्याने ते दिलदारपणे सोडून दिले. "पैसे कसले घेता? आपलेच आहात," म्हणाला. मित्राचे डोळे पाणावले. माझे नाही पाणावले, कारण मला चेनकव्हर आठवत होतं.

हँडल आणि सीट फ्रेमवर चढली त्या दिवशी मी मित्राला सांगितलं की पिकासोने 1942 साली सायकलीची एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते पॅरिसच्या संग्रहालयात मांडून ठेवलंय.

"त्याला काय, दोनच पार्ट," मित्र म्हणाला. "चेन नाही, ब्रेक नाही, कुणाला स्टेशनला जायचं नाही. आणि बैल म्हटला की आपल्याकडे पोळ्याला त्याच्याकडून एक दिवस तरी काम घेत नाहीत. हिला तीपण सवलत नाही."

सायकल तयार झाली, आणि सांगायला हरकत नाही, ती उत्तम चालते. पुढे 44 दात्यांचं चक्र, मागे 18 चं फ्रीव्हील. एका पायडलात साधारण साडेपाच मीटर. किलोमीटरला 183-184 फेरे पडतात, आणि आमच्या बाजूला खाडी बुजवून केलेली जमीन सपाट असल्याने ते दमवत नाहीत. खड्डा आला की दाजींची सीट तो पोटात घेते. डायनॅमो लावला की दिवा लागतो आणि सायकल जड होते, त्यामुळे उजेड फुकट नसतो हे चालवणाऱ्याला कळत राहतं. कचऱ्याचे डंपर मागून आले की मात्र बदकाची घंटी अपुरी पडते. त्यासाठी मित्र स्वतः ओरडतो.

प्रश्न फक्त ती कुणाची, हा उरला.

विकत घेतलेल्या वस्तूशी आपला व्यवहार दुकानाच्या पायरीवर संपतो. फुकट मिळालेल्या वस्तूशी तो तिथून सुरू होतो. नव्या सायकलीला एक मालक असतो आणि एक पावती. या सायकलीला पावती नाही, आणि मालक पार्टागणिक.

पाववाल्याचं कॅरिअर रिकामं जाताना बघून त्याच्या जिवाला लागायला लागलं. म्हणून आता रोज सकाळी स्टेशनजवळच्या टपरीचे पाव मित्राच्या पाठीमागे असतात. ऑफिसात त्याच्या शर्टाला बेकरीचा वास येतो आणि लोक त्याला कांदापाव आहे का विचारतात. मामा शनिवारी मागे बसून स्टेशनला येतात आणि वाटभर "सरळ धर, माझं हँडल आहे ते" असं सांगत राहतात. दाजी दर रविवारी ऐरोलीहून फोन करतात: "या आठवड्यात किती किलोमीटर झाले?" मित्राने आकडा सांगितला की ते समाधानाने जेवायला बसतात. आपली सीट फिरतेय म्हणजे आपला व्यायाम होतोय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

आजोबा अंधार पडला की बाकड्यावर येऊन बसतात आणि मित्र डायनॅमो न लावता गेला तर दुसऱ्या दिवशी बोलत नाहीत. गोळी देणारा मुलगा शाळेला जाताना घंटी वाजवतो, शाळेतून येताना वाजवतो, आणि रविवारी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारतो. कराराच्या बाहेरचं आहे, पण त्याला तसं सांगायची कुणाची छाती नाही. शेठने चेनकव्हरवर आपल्या गोदामाचं नाव पिवळ्या रंगात लिहून घेतलं. चाचांनी मजुरी घेतली नाही, त्याऐवजी दुपारभर सायकल आपल्या झाडाखाली उभी पाहिजे म्हणाले, गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला. मित्राला एकदा घाईने घरी जायचं होतं, तर चाचा म्हणाले, "अभी नहीं, पार्टी बैठी है."

रसवाल्याचं प्रकरण सगळ्यात नाजूक. मृगाच्या पहिल्या सरीला त्याची ताडपत्री कोसळली आणि त्याने गज परत मागितले. मागणी रास्त होती. पण लोखंडी रिमवर पाणी पडलं की मुळात ब्रेक उशिरा लागतात, त्यात मागचे गजच नाहीत म्हणजे मानखुर्दहून निघालेला माणूस थेट खाडीपुलावर थांबायचा. बरीच बोलणी होऊन त्याला दोन बांबू देण्यात आले. बांबूंना तो अजूनही रोज नाराजीने बघतो.

मध्यंतरी मित्राला मेव्हण्याची जुनी स्कूटर मिळायचं घाटत होतं आणि सायकल विकायचा विचार त्याच्या मनात आला. गिऱ्हाईकही चालून आलं. त्याने ही गोष्ट चाचांना सांगितली, आणि संध्याकाळी झाडाखाली सगळे जमा झाले. कुणी रागावलं नाही. उलट सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "खुशाल विक."

"फक्त हँडल तेवढं मी काढून घेईन," मामा म्हणाले.

कॅरिअर पाववाला घेणार होता. घंटी काकू. डायनॅमो आजोबा. सीटबद्दल दाजींना फोन लावला, तर ते म्हणाले, "विक, पण माझे किलोमीटर कोण करणार ते आधी सांग." गोळीवाला मुलगा आपली गोळी मागत होता, आणि ती काढायची म्हणजे पुन्हा अख्खी बीबी खोलायची. चाचा म्हणाले, चाकाच्या तारा मी बांधल्यात, खोलून ठेवीन.

"फ्रेम तरी माझी आहे," मित्र रडकुंडीला येऊन म्हणाला. "तिचे पैसे मोजलेत मी."

तेव्हा शेठने चष्मा कपाळावर चढवला. "लोखंडाचे मोजलेत," तो शांतपणे म्हणाला. "लोखंड म्हणून नेलंत, लोखंड म्हणून वापरा. सायकल म्हणून विकायची असेल तर वरचा फरक द्या." त्यावर आम्हा दोघांनाही काही सुचलं नाही.

विक्री रद्द झाली. स्कूटरही आली नाही; मेव्हण्याने ती दुसऱ्या मेव्हण्याला दिली.

हिशेब करून पाहिला तर त्या सायकलीत मित्राच्या मालकीची, दुकानातून, रीतसर पावतीने घेतलेली एकच वस्तू आहे: कुलूप. 225 चौरस फुटांच्या खोलीत सहा फुटी सायकल मावत नाही, ती जिन्याखाली राहते, तेव्हा ते घ्यावंच लागलं. कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या. एक काकूंकडे असते, कारण मित्र चाव्या हरवतो असं काकूंचं मत आहे. दुसरी चाचांकडे, दुपारी कुणाला लागली तर अडायला नको म्हणून.

परवा सकाळी तो स्टेशनजवळ भरधाव जाताना दिसला, मागे पावांचं पोतं, पुढे बदक. मी हात केला, थांब म्हटलं, एक कटिंग घेऊ.

"नाही रे जमणार!" तो न थांबता ओरडला. "काकूंनी सव्वानऊपर्यंतच दिलीय!"